पेच : एका शब्दाची वळणे

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. सोलापूरला शुक्रवार पेठेत शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे बसलो होतो. तेलाने काळवंडलेला बारीकसा स्क्रू बोटांत फिरवत तो म्हणाला, "पेच झिजलाय, आता धरणार नाही." त्याच सुमारास समोरच्या माळवदावरून पोरांचा गलका उठला : "पेच लागला, ढील दे!" आणि दुकानातल्या फळीवर पडलेल्या वर्तमानपत्रात कुठल्याशा जागावाटपाचा 'पेच कायम' असल्याचे ठळक अक्षरांत छापले होते. पाच मिनिटांत तीन पेच भेटले. या तिघांचे आपसांत नाते काय, या प्रश्नातून हे टिपण सुचले.

शब्द फारसीतला. 'पेचीदन' म्हणजे वळणे, पिळणे, गुंडाळणे. 'पेच' म्हणजे पीळ किंवा वेढा. पागोट्याचा एकेक वेढा म्हणजे पेच. लांब वेटोळ्या नळीचा हुक्का तो पेचवान, आणि पोटात पिळवटून येते ते दुखणे हिंदी-उर्दूत पेचिश. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिरला तेव्हाच हा शब्द अनेकार्थी झालेला होता.

यंत्रातला पेच घेऊ. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला की तिरकी कड आट्यांसारखी वर चढत जाते. स्क्रू म्हणजे दुसरे काही नाही, दांड्याभोवती वेढलेला चढ. सतराव्या शतकात आपल्याकडचे लोहार आटे कापण्याऐवजी खिळ्याभोवती तार वेढून ती डाखत, असे तंत्रज्ञानाचे इतिहासकार सांगतात. म्हणजे त्या काळी पेच हा शब्द रूपक नव्हताच. वेढा डोळ्यांना दिसत होता. त्याहून जुना पेच कापसाच्या मुलखाचा. सरकी वेगळी करण्याच्या लाकडी यंत्रात दोन लाट्यांच्या टोकांना मळसूत्री खाचा कोरलेल्या असत. त्या एकमेकींत गुंतल्याने एक लाट फिरवली की दुसरी आपोआप उलट दिशेने फिरे. पुढे १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पेचाचे लोखंडी युग या गावात आले.

आखाड्यात हाच वेढा हातापायांचा होतो. डाव आणि पेच हे शब्द तालमीत जोडीनेच वावरतात. अंगाला अंग असे गुंतवायचे, की प्रतिस्पर्धी जितका ओढेल तितका अधिक आवळला जाईल. इथे धरून ठेवणे महत्त्वाचे, तितकेच सुटून निघणेही महत्त्वाचे. ज्याला पेच घालता येतो पण सोडवता येत नाही, तो अर्धाच मल्ल.

पतंगाच्या पेचाची तऱ्हा निराळी. दोन दोऱ्या एकमेकींवर तिरक्या पडल्या की जी सरकत राहते तिची झीज लांबीभर वाटली जाते. जी एका जागी थांबते ती त्याच बिंदूवर घासून तुटते. म्हणून तर पोरे 'ढील दे' म्हणून ओरडतात. स्क्रूचा पेच घर्षणाच्या जोरावर धरून ठेवतो, पतंगाचा पेच त्याच घर्षणाच्या जोरावर कापतो. शब्द एक, भौतिक नियमही एक, परिणाम मात्र उलटे.

मग वर्तमानपत्रातला पेच कोणाचा वंशज? याचे उत्तर क्रियापदे देतात. लाक्षणिक पेच 'पडतो', त्यात आपण 'सापडतो', कोणी आपल्याला 'पेचात पकडतो', आणि शेवटी तो 'सुटतो'. आपण तो पिळून घट्ट बसवत नाही आणि काटतही नाही. पकडणे आणि सोडवणे ही भाषा आखाड्याची. कारखान्याचा किंवा माळवदाचा वारसा तिच्यात दिसत नाही. निवडणुकीच्या बातम्यांना कुस्तीचा वास येतो तो उगीच नव्हे.

या शब्दाने भाषाशुद्धीलाही पेच घातला. शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराचा राज्यव्यवहारकोश काय किंवा विसाव्या शतकातली सावरकरांची चळवळ काय, दोन्हींचा रोख फारसी शब्दांवर होता. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक'ही लिहिला. हा प्रवासच बोलका आहे. पण 'सरपेच'चे काय झाले पाहा. मराठीने त्याचा 'शिरपेच' केला. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' हे मुळात एकाच कुळातले, त्यामुळे परकीय शब्द जाऊन आला तो त्याचाच भाऊ. 'पेच' मात्र हलला नाही. संघाने सामना जिंकला की आजही शिरपेचात तुरा खोवला जातो, आणि ते फारसी आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

सोलापुरात या शब्दाला आणखी सोयरे आहेत. इथल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत 'पेची' म्हणजे तंटा; कन्नडमध्ये 'पेचु' म्हणजे अडचण, फजिती; दखनीत तर तो घरचाच. चार भाषांच्या पेठांतून फिरताना प्रत्येकीने त्याचा एकेक वेढा आपल्यापाशी ठेवून घेतला.

खंत एवढीच, की आपल्या लिहिण्यात आता फक्त वर्तमानपत्री पेच उरला आहे. विद्यार्थ्यांना 'पेचप्रसंग' ठाऊक असतो; पेचकस दाखवला तर ते 'स्क्रू-ड्रायव्हर' म्हणतात. रूपक जिवंत आणि मूळ वस्तू विस्मृतीत, अशी ही अवस्था. ज्या शब्दाचा हाताशी संबंध तुटतो तो हळूहळू गुळगुळीत होतो, आटे झिजलेल्या स्क्रूसारखा. फिरवला तर फिरतो, पण काही धरून ठेवत नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या कारागिराने हे एका वाक्यात सांगितले होते. आम्हाला ते कोश उघडल्यावर कळले.