लस : एका शब्दाची हकीकत

मंडळाच्या भगिनींनी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी आपल्या रोजच्या बोलण्यातील 'लस' या शब्दाची हकीकत जमेल तशी सांगते.

२०२१ साली करोनाची लस आली तेव्हा मी भ्याले होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असे चालले होते. एके दिवशी सासूबाईंनी पदर सारून दंडावरचे दोन वाटोळे व्रण दाखविले. म्हणाल्या, "अगो, लहानपणी माझ्या देवी काढल्या, त्याची ही खूण. धाकटीला तेव्हा ताप होता म्हणून तिच्या राहिल्या, त्या राहिल्याच. पुढे ती देवींतच गेली." इतक्या वर्षांत हे त्या प्रथमच बोलल्या.

रोगाला देवी म्हणत आणि तो टळावा म्हणून टोचण्याला देवी काढणे म्हणत. मग 'लस' म्हणजे काय? फोडातून किंवा जखमेतून पाझरणारे चिकट पाणी, ती लस. इंग्लंडात डॉ. जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या देवीची, म्हणजे सौम्य रोगाची, लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे माणसाच्या देवी त्याला बाधल्या नाहीत. ती लस बगदाद, बसरा करीत मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लस लागू पडलेली ही पहिली मुलगी. तिच्या दंडावरील फोडाची लस मग इतर मुलांना दिली. तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एका लेकराचा दंड हीच पुढच्या लेकराची कुपी!

१८९७ साली डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःस टोचून घेतली. तिच्यात फोडाचे पाणी नव्हते, मारलेले जंतू होते. पण नाव लसच राहिले. पोलिओचे थेंबही लसच. आता त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की रोगाची शरीराला आधीच ओळख करून देणे, म्हणजे खरा रोग आला तर शरीर तयार असते.

१९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. म्हणून माझ्या दंडावर ती खूण नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन केंद्रावर गेले. भगिनींनो, बाळाच्या कार्डावरील तारीख ताप-पडशामुळे हुकली, तर डॉक्टरांना विचारून नवी तारीख घ्या. राहिले ते राहू देऊ नका.