लाल रेघेला मराठी कधी कळली?

मागच्या महिन्यात नगरमधल्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "अरे, तुझं ते इतिहासाचं चालतं ना? मग हा इतिहास घेऊन जा."

इतिहास म्हणजे विंडोज एक्सपीचा, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. आत ओपनऑफिस २ आणि गावच्या यात्रेची जुनी स्मरणिका. ती पुन्हा छापायची होती, वर नवी प्रस्तावना. काकांची अट एकच : "यात मराठी स्पेलचेक बसव. माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

मला वाटलं, एखादी फाइल हरवली असेल, शोधून टाकू. पण गंमत अशी, की हा भाग हरवलाच नव्हता. तो तिथे कधी नव्हताच.

कारण काय? नव्वदच्या दशकात आपल्याकडे मराठी टाइप व्हायचं ते फाँटच्या जोरावर. पडद्यावर 'क' दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे नि चिन्हांचे नंबर. फाँट काढला की स्मरणिकेचा भुगा! मशीनला ते मराठी आहे हेच माहीत नाही, तर चूक काय पकडणार? सगळ्या पानावर लाल रेघा. ऑपरेटर पहिल्याच दिवशी स्पेलचेक बंद करून टाकायचे, आणि शुद्धलेखन मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर.

हे डोळ्यांचं काम आपल्याकडे जुनंच. ज्ञानेश्वरी १२९० साली आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. पुढे नकला करता करता पाठ बिघडत गेले, ते १५८४ मध्ये एकनाथांनी पैठणला बसून शुद्ध केले. जवळजवळ तीनशे वर्षांचं प्रूफ!

बरं, युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज २००० पासून. पण डीटीपीची दुकानं पेजमेकरवर चालायची आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. त्यामुळे जुने फाँट कितीतरी वर्षं टिकले.

ओपनऑफिसमध्येही आधी 'मायस्पेल' होतं. त्यात एका भाषेला जेमतेम २५६ खुणांची जागा, युनिकोडची देवनागरी त्यात मावेना. मग २००६ च्या सुमारास 'हनस्पेल' आलं. नावातला 'हन' हंगेरीचा. हंगेरियन भाषेत एका शब्दाला शेपटासारखे प्रत्यय लागत जातात. ओळखीचं वाटतंय ना? घर, घराला, घरातल्यांनासुद्धा!

नुसती शब्दांची यादी मराठीला पुरतच नाही. 'दूध' लिहिताना दू दीर्घ, पण 'दुधाला' म्हटलं की ऱ्हस्व. हा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतलाच. हनस्पेलला दोन फाइली लागतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत असे नियम : शेवटचं एवढं काढ, तेवढं जोड. मराठीच्या फाइली स्वयंसेवकांनी जमवलेल्या. पगार नाही, नाव नाही. मला तरी हे एकनाथांच्याच जातकुळीचं काम वाटतं.

आता बसवायचं कसं? एक्सपीत आधी भारतीय लिपींचा पर्याय चालू करावा लागतो, आणि तो मूळ सीडी मागतो. ती शोधण्यात अर्धा दिवस गेला, शेवटी लग्नपत्रिकांच्या नमुन्यांत सापडली! मग दोन्ही फाइली ओपनऑफिसच्या 'डिक्ट' फोल्डरमध्ये, तिथल्याच डिक्शनरीच्या यादीत मराठीची एक ओळ, आणि सेटिंगमध्ये भाषा मराठी. स्मरणिकेचा मजकूर माझ्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये बदलून आणला.

काका चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. 'दूधाला'खाली लाल रेघ उमटली. "पकडली रे!" एवढंच म्हणाले. त्यांनीच टाइप केलेली चूक होती, वीसेक वर्षांपूर्वीची.

प्रस्तावनेत मात्र 'अहिल्यानगर'खालीही रेघ आली. नाव बदललं २०२४ मध्ये, फाइल त्याच्या कितीतरी आधीची. मी शब्दांची फाइल उघडली, शब्द घातला आणि पहिल्या ओळीत शब्दांची संख्या असते ती एकने वाढवली.

"आणि अहमदनगर?" मी विचारलं.

"ते काढू नकोस. जुनी पानं त्याच नावाची आहेत."