दोन उभे अक्ष आणि कोरडे महिने

भूगोलाच्या पुस्तकातल्या हवामान-आलेखाला दोन उभे अक्ष असतात : डावीकडे तापमान, उजवीकडे पाऊस. पण किती अंशांसमोर किती मिलिमीटर?

१९५३ साली फ्रान्समध्ये बान्यूल आणि गोसाँ यांनी साधा नियम सुचवला. महिन्याच्या पावसाचे मिलिमीटर सरासरी तापमानाच्या (अंश सेल्सिअस) दुपटीहून जास्त नसतील, तर तो महिना कोरडा. वाल्टर आणि लीट या जर्मन शास्त्रज्ञांनी १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या जागतिक हवामान-आलेखसंग्रहात हा नियम अक्षांवरच उतरवला : १० अंशांसमोर २० मिमी. पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली, की कोरडा काळ नजरेनेच कळतो. १०० मिमीच्या वर त्यांनी पावसाची मोजपट्टी एक-दशांश केली. त्यामुळे मोसमी पाऊसही कागदावर मावतो.

समजा, महिन्याचं तापमान २८ अंश, पाऊस ४० मिमी. दुप्पट ५६, म्हणजे महिना कोरडा. पण दोन्ही अक्षांवर सारखेच आकडे घेतले, तर पाऊस वर दिसतो आणि महिना ओला ठरतो!

संगणकावर दुसरा अक्ष जोडला, की त्याची मोजपट्टी यंत्रच ठरवतं. ती आपण बदलावी. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करावेत आणि उजव्याचं कमाल मूल्य डाव्याच्या दुप्पट ठेवावं. मग आपल्या गावाचे कोरडे महिने विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावेत.