बर्फाचे रविवार

पोलिओच्या रविवाराची तयारी आमच्या मनमाडला शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायची, आणि ती बर्फापासून. रोटरी क्लबातल्या एका मित्राचं आइस्क्रीमचं दुकान होतं. डीप फ्रीजरमधले कुल्फीचे डबे बाजूला सारून तो त्यात आइस पॅक लावायचा. पहाटे आम्ही दोघं ते स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात पोचवायचो. एका व्हॅक्सिन कॅरियरला चार पॅक, मधोमध लशीच्या कुप्या. सिस्टरनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "भाऊ, झाकण उगाच उघडायचं नाही. गारवा गेला की लस गेली."

माझं स्टेशन रोडला औषधांचं दुकान. लस जपायची कशी हे मला ठाऊक होतं, पण तिची किंमत कळली ती कुपीवरच्या खुणेमुळे. लेबलवर एक जांभळट गोल, त्याच्या आत फिका चौकोन. कुपीला ऊब लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला, की कुपी बाद. दर कुपी उघडण्याआधी सिस्टर ती उजेडात धरून बघत. आमच्या हाती येणाऱ्या कुप्यांवर अनेकदा परळच्या हाफकिनचं नाव असे. ते वाचून बरं वाटायचं.

या कामाची सुरुवात आमच्यापासून फार लांब झाली. १९७९मध्ये रोटरीने फिलिपाइन्समध्ये सुमारे साठ लाख मुलांना पोलिओची लस द्यायचं काम हाती घेतलं. १९८५मध्ये 'पोलिओप्लस' मोहीम उभी राहिली. बारा कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं. १९८८पर्यंत जमले चोवीस कोटी सत्तर लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा सव्वाशे देशांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं या रोगाने पंगू होत होती.

भारतात देशभराचा पहिला पल्स पोलिओ झाला ९ डिसेंबर १९९५ला. तो शनिवार होता, आणि डोस तीन वर्षांखालच्या मुलांनाच होता. पुढल्या वर्षी पाच वर्षांपर्यंतची मुलं घेतली. सगळ्यांना एकाच दिवशी डोस द्यायचा, म्हणजे विषाणूला कुठल्याच आतड्यात थारा मिळत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. अल्बर्ट सेबिन यांची ही लस तोंडाने घ्यायची. सुई नाही, सिरिंज नाही. म्हणूनच किराणा दुकानदार, वकील, शिक्षक असली आमच्यासारखी माणसं या कामाला उपयोगी पडू शकली.

क्लबाचा वाटा मी वाढवून सांगणार नाही. जीप, मंडप, बॅनर, चहा-नाश्ता, बर्फ आणि माणसं, एवढं आम्ही पुरवलं. उन्हातान्हात घरोघर फिरल्या त्या अंगणवाडी सेविका आणि सिस्टर. "परवाच तर दिला डोस, आता परत कशाला?" म्हणून दार लोटणाऱ्या आईपाशी त्या उंबऱ्यावर बसून बोलायच्या. त्यांच्या मागे उभं राहून मी ऐकायला शिकलो.

मनमाड जंक्शन. मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, म्हणून स्टेशनवरही बूथ लागायचा. एकदा जनरल डब्यात सिस्टरांबरोबर मी कॅरियर घेऊन चढलो. पोत्यांच्या आडोशाला एक लहानगी झोपली होती. सिस्टरनी तिच्या डाव्या करंगळीचं नख पाहिलं. शाई नव्हती. आईने तिला उठवून बसवलं. दोन थेंब, नखावर काळी खूण, आणि तेवढ्यात गाडी हलली. आम्ही धावत्या डब्यातून उतरलो. ती पोर आज पंचविशीत असेल.

काम संपत आल्यासारखं वाटत असतानाच २००९मध्ये देशात ७४१ रुग्ण निघाले. २०१०मध्ये तर शेजारच्या मालेगावातच पोलिओ सापडला. तिथली खबर आली त्या संध्याकाळी क्लबाच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग आइस्क्रीमवाला मित्र म्हणाला, "फ्रीजर रिकामा करतो." पुढच्या रविवारी एकही जण घरी राहिला नाही.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात नोंदला गेला. त्याच वर्षी जुलैत वापीचे कल्याण बॅनर्जी रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सारा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. त्या दिवशी मी दुकान बंद करून सिस्टरांच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी पहिला पेढा देवापुढे ठेवला.

जगभरचं काम म्हणजे आपल्या गावात वेळेवर केलेलं काम. कोटी डॉलर लागलेच. पण बर्फ वितळायच्या आत मुलापर्यंत पोचणारा माणूस नसता, तर ते डॉलर कुपीतच राहिले असते. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे, आणि त्याला सीमा कळत नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पोलिओच्या रविवारी त्याला बूथवर न्या. आणि तिथे बसलेल्या ताईंना पाणी विचारा.