सिस्टर दमते, तेव्हा

अंबरनाथच्या शिवमंदिरापलीकडे, आजच्या उल्हासनगरात, दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी होती. त्याच काळात, 1943 मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष आपल्या नाशिकचे सर जोसेफ भोर. 1946 च्या अहवालातला हिशोब ऐका: 43,000 लोकांमागे एक परिचारिका!

पुढच्याच वर्षी फाळणी झाली, अन् सिंधमधले निर्वासित या छावणीत आले. माणसं एका रात्रीत येतात. सिस्टर तयार व्हायला वर्षं लागतात.

म्हणून थकवा हा स्वभावदोष नव्हे, तो संख्येचा हिशोब आहे. नाइट ड्युटीत तीच नोंद तिसऱ्यांदा वाचावी लागली, तर थांबा. “दमलेय गं, डोस तू तपास,” असं सोबतिणीला सांगा. अन् इन्चार्ज सिस्टर, हे ऐकून रागावू नका, ड्युटी बदला.