माहितीप्रसार, जाळ्यांतील : खेळ-सिद्धांताची मांडणी
सामाजिक जाळ्यातून बातमी, सवय किंवा नवे साधन कसे पसरते, हे माणसांच्या एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांवरून उलगडणारी गणिती मांडणी. साथीच्या प्रतिमानात संपर्क आला की लागण होते. इथे माणूस आधी शेजाऱ्यांकडे पाहतो, मग ठरवतो. सारे महत्त्व या फरकाला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये उंबरठ्याची, म्हणजे माणूस बदलण्याआधी इतरांपैकी किती वाटा बदललेला हवा याची, कल्पना मांडली. स्टीफन मॉरिस यांनी २००० मध्ये प्रसाराचा विचार समन्वय-खेळाच्या, म्हणजे इतरांशी निवड जुळली तरच लाभ देणाऱ्या खेळाच्या, चौकटीत केला.

समजा, एकीचे दहा मित्र जुने संदेश-ॲप वापरतात. जुन्यावर जुळल्यास दर मित्रामागे लाभ २, नव्यावर ३, न जुळल्यास शून्य. चार मित्र नव्याकडे गेले की दोन्ही पारडी १२ वर येतात. पाचवा गेला की तीही जाते. उंबरठा २/५. तो १/२ हून अधिक असल्यास मोजक्या माणसांपासून सुरू झालेला बदल अमर्याद जाळे व्यापू शकत नाही, हे मॉरिस यांनी सिद्ध केले. प्रसार अडतो तो बहुतेक नाती आतल्या आत असलेल्या घट्ट गटांपाशी. लांबच्या एका ओळखीतून बातमी झटकन पोहोचते, पण तेवढ्यावर सहसा कुणी सवय मोडत नाही.

अभिजित बॅनर्जी यांचे कळपवर्तनाचे प्रतिमान (१९९२) या मांडणीच्या शेजारचे : पुढच्यांची निवड पाहून माणूस स्वतःजवळची माहितीही बाजूला ठेवतो.