आधणाचें पाणी : चुलीपासून तोटीपर्यंत

तांदूळ वैरण्यापूर्वीं पातेल्यांत जें पाणी उकळत ठेवावयाचें, त्याला मराठीनें ‘आधण’ असा स्वतंत्र शब्द दिलेला आहे. ज्या वस्तूचें काम रोज पडतें तिलाच भाषा असें निराळें नांव देते. पेण आणि रोहें हीं भातखाचरांच्या मुलखांतील गांवें. तेथील स्वयंपाकाचा पायाच आधण हा आहे. तांदळाच्या भाकरीसाठीं पीठ उकळत्या पाण्यांत उकडून घ्यावें लागतें. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ति तर सर्वत्र आहे. त्या मूर्तींपुढें ठेवावयाच्या मोदकांची उकडहि पिठाच्या मापानें पाणी घेऊन, तें खळखळां उकळल्यावरच काढतात. म्हणून स्वयंपाकघरांत उकळतें पाणी देणारी विजेची तोटी बसवावी कीं नाहीं, हा आजकालचा प्रश्न या घरांना परका नाहीं. मात्र त्याचें उत्तर देण्यापूर्वीं, ऊन पाणी कोंकणांतील घरांत आजवर कसें आलें आणि त्याची किंमत कोणीं दिली, हें पाहणें उपयुक्त होईल.

सृष्टीनें या जिल्ह्याला कांहीं ठिकाणीं ऊन पाणी फुकट दिलेलें आहे. पालीजवळ उन्हेरें येथें आणि महाडजवळ सव येथें उष्ण पाण्याचीं कुंडें आहेत. परंतु तें पाणी स्नानापुरतें ऊन. त्यांत तांदूळ शिजावयाचे नाहींत. उकळी हवी तर जाळ पाहिजे, आणि जाळ हवा तर कष्ट पाहिजेत. जुन्या घरांतील मातीची चूल या दृष्टीनें विचारपूर्वक घडविलेली असे. मुख्य तोंडावर भात शिजे आणि शेजारच्या वैलावर उरल्या धगीनें पाणी तापे. तरीहि लांकडाच्या उष्णतेचा फार मोठा भाग हवेंत जाई आणि धूर डोळ्यांत व छातींत जाई. विहिरीचें पाणी शेंदून आणणें, सरपण गोळा करणें, फुंकणीनें जाळ धरणें हीं कामें बहुधा स्त्रियांच्याच वांट्यास येत. उकळत्या पाण्याची पहिली किंमत अशी पाठीनें आणि डोळ्यांनीं चुकती केलेली आहे.

स्नानाच्या पाण्यापुरता पहिला मोठा बदल तांब्याच्या बंबानें घडविला. मधोमध विस्तवाची उभी नळी, तिच्याभोंवतीं पाणी, खालीं राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी, अशी त्याची रचना. रशियन समोवार हा त्याचा जवळचा भाईबंद म्हणतां येईल. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला असें मानतात. विस्तवाला सर्व बाजूंनीं पाण्याचा वेढा असल्यामुळें मूठभर ढलप्यांत व कोळशांत पुष्कळ पाणी तापे. तोटी फिरवावी आणि ऊन पाणी घ्यावें, ही संवय मराठी घराला बंबानेंच लावली. पण बंब हा न्हाणीघराचा मानकरी; आधण मात्र चुलीवरच राहिलें. पुढें विलायतेंत बेंजामिन मॉघन यानें १८६८ सालीं गॅसवर पाणी तापविण्याचें यंत्र काढलें आणि त्याला आइसलंडमधील उफाळणाऱ्या झऱ्यावरून ‘गीझर’ हें नांव दिलें. त्या यंत्राचे विजेवर चालणारे वंशज आपल्याकडे आले, तेहि न्हाणीघरांतच स्थिरावले.

विजेचा इतिहास तर पेण-रोह्याच्या दाराशींच घडला. पेणच्या शेजारीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून घाटाखालीं सोडावयाचें आणि त्या पडत्या पाण्याच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, ही ती योजना. त्यानंतर मुळशीच्या खोऱ्याची पाळी आली. आपलीं गांवें व शेतें पाण्याखालीं जाणार हें पाहून तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह आरंभिला. तो १९२४ पर्यंत चालला, परंतु धरण थांबलें नाहीं. १९२७ सालीं घाटाखालीं भिरा येथील वीजघर सुरू झालें.

या घटनेचा एक परिणाम रोहेंकरांच्या रोजच्या नजरेंतला आहे. मुळशीचें जें पाणी मुळा-भीमेच्या वाटेनें पूर्वसमुद्राकडे जावयाचें, तें भिऱ्याच्या यंत्रांतून उतरून कुंडलिकेंत पडूं लागलें. पावसाळ्यापुरती भरून वाहणारी नदी बारमाही झाली. त्या पाण्यावर डोलवहाळ बंधाऱ्यापासून निघणारे कालवे चालतात, आणि कोलाडला तराफ्यांतून नदी उतरण्याचा खेळ चालतो तोहि त्यावरच. मुंबईला वीज मिळाली, रोह्याला पाणी मिळालें. किंमत मात्र मुळशीच्या शेतकऱ्यानें दिली. चुलीपुढील कष्ट नाहींसे होतात तेव्हां ते पुष्कळदां नुसते दृष्टिआड गेलेले असतात, एवढा बोध या इतिहासांतून निश्चित निघतो. आज महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग कोळशावर निर्माण होतो; म्हणजे पेणच्या ओट्यावर धूर दिसला नाहीं तरी तो चंद्रपुराकडे दिसतो.

आतां प्रस्तुत तोटीकडे वळावें. हिची कल्पना हॉलंडमधील हेन्री पेटेरी या गृहस्थांना १९७० सालीं सुचली. ते एका मोठ्या अन्नपदार्थ कंपनींत झटपट होणाऱ्या सुपाच्या कामावर होते. सूप क्षणांत तयार होत असेल तर उकळतें पाणीहि क्षणांत मिळालें पाहिजे, असा त्यांचा साधा तर्क होता. ओट्याखालीं उष्णतारोधक वेष्टनाची एक लहान टांकी असते. तींतील पाणी दाबाखालीं १०० अंशांहून अधिक तापमानावर ठेवतात, आणि तोटी उघडतांच दाब सुटून तें उकळत बाहेर पडतें.

हिशेब सोपा आहे. २८ अंशांचें पाणी उकळीला आणावयाचें तर एका युनिटांत, कांहींहि वाया न जातां, सुमारें १२ लिटर पाणी उकळेल. परंतु टांकी रात्रंदिवस ऊन राखावयाची असते. त्यासाठीं केवळ १० वॅट वीज लागते असें धरलें तरी महिन्याला सुमारें ७ युनिटें होतात. रोज तीन लिटर पाणी उकळणाऱ्या घरांत जितकी वीज कामाला लागेल, जवळजवळ तितकीच नुसतें वाट पाहण्यांत जाईल.

शिवाय घरची रीत पाहिली पाहिजे. विलायती चहा पत्तीवर उकळतें पाणी ओतून होतो. आपल्याकडचा चहा पाणी, साखर, आलें, पत्ती व दूध एकत्र उकळून होतो. त्याला शेगडी टळत नाहीं. भाताचें आधण तोटीनें लवकर येईल, पण भात शिजण्यास जाळ लागतोच, उकडीचेंहि तेंच. तेव्हां वांचतात तीं आरंभींचीं कांहीं मिनिटें.

आणखी एक समजूत तपासून घ्यावी. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास पटकीचा जंतु निश्चित केल्यानंतर पाणी उकळून पिण्याच्या उपदेशाला शास्त्राचा भक्कम आधार मिळाला, आणि तो उपदेश आजहि योग्यच आहे. परंतु उकळण्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत; पाणी आटलें तर त्यांचें प्रमाण उलट वाढतें. पेणच्या खारेपाटांत पिण्याच्या गोड्या पाण्याची ओढ जुनी आहे. त्याच तालुक्यांतील हेटवणें धरणाचें पाणी नवी मुंबईला जातें, आणि खारेपाटांतील बायांना उन्हाळ्यांत हंडे घेऊन ताटकळावें लागतें. अशा घरीं पहिला खर्च पाण्याच्या खात्रीचा, नंतर त्याच्या उकळीचा. जड पाण्यानें टांकीच्या आंत पुटें चढतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

या सर्वांवरून निर्णय असा निघतो. चारपांच माणसांच्या साध्या घराला विजेची किटली पुरेशी आहे. काम झालें कीं ती थंड होते आणि वाट पाहण्याचें भाडें घेत नाहीं. जेथें दिवसभर उकळतें पाणी लागतें अशी खानावळ, मोदकांचा व्यवसाय करणारें घर, किंवा थरथरत्या हातानें आधणाचें पातेलें उचलणें धोक्याचें झालें आहे असें वृद्ध माणसाचें घर, तेथें तोटी अवश्य विचारांत घ्यावी. मात्र लहान मुलांना उघडतां येणार नाहीं अशी कळ तिला असावी. आणि हा निर्णय दिवाणखान्यांत बसून होऊं नये. आजवर आधणाची किंमत जिनें डोळ्यांनीं आणि पाठीनें दिली, त्या चुलीपुढील व्यक्तीचें मत प्रथम विचारावें, आणि तेंच शेवटचें मानावें.